बारीक टाईप

४ जुलै

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला या वर्षापासून समाजसेवेचे साठ तास सक्तीचे. सक्तीची सेवा! मारून मुटकून वैद्यबुवा म्हणतात तो हाच प्रकार. फलकावर यादी लागली तशा आमच्या वर्गातल्या पोरी तिच्यावर तुटून पडल्या. झाडं लावणं (उन्हात), रक्तदान शिबिरात नावं उतरवून घेणं (रक्त बघितलं की मला भोवळ येते), दवाखान्यात पेशंटना कुठला विभाग कुठे ते दाखवणं (मला स्वतःलाच डावं-उजवं कळत नाही), आणि शेवटी, दृष्टिहीन विद्यार्थ्यांना वाचून दाखवणं. मी शेवटच्यावर नाव घातलं. बसून काम, डोक्यावर पंखा, आणि बोलायचं. बोलायला मला कधी कंटाळा आलाय?

आई म्हणाली, चला, साठ तास तरी आमच्या कानांना सुट्टी. आत्यानं पान उलटलं. ती छापखान्यांची मुद्रितं तपासते, आता निवृत्त झाली तरी गठ्ठे घरी येतात. कानावर पेन्सिल आणि पुढ्यात कागद असले की घर कोसळलं तरी ती मान वर करत नाही.

९ जुलै

आज ती भेटली, जिला मी वाचून दाखवायचं ती. ग्रंथालयाच्या मागे एक खोली आहे. जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, एक लोखंडी कपाट, टेबल आणि दोन खुर्च्या. ती आधीच येऊन बसली होती. मी दारात घुटमळले तर म्हणाली, ये की, मी चावत नाही.

सत्तावीस वर्षांची आहे, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. जन्मापासून दिसत नाही. मी कॉमर्सची, तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, तेव्हा ताईच म्हणायचं ठरलं. फोन तिला सगळं वाचून दाखवतो, इतक्या भरधाव की मला एक अक्षर कळेना. मग मी कशाला हवी? तर हे कराराच्या कायद्याचं पुस्तक. जाडजूड, जुन्या छपाईचं. मूळ नियम मोठ्या टायपात आणि प्रत्येकाखाली मुंग्यांच्या रांगांसारखी स्पष्टीकरणं, अपवाद, उदाहरणं. मोठा टाईप फोन बरा वाचतो. बारीक आला की बरळायला लागतो. म्हणून माणूस हवा. मी वाचायचं, तिचा फोन टेबलावर ठेवून ते रेकॉर्ड करायचं, मग ती खोलीवर जाऊन तेच पुन्हा पुन्हा ऐकणार.

अर्ध्या तासात तिनं माझं नाव रेडिओ ठेवलं. बटण सापडत नाही म्हणे बंद करायचं. मला राग यायला हवा होता, आला नाही.

२२ जुलै

उदाहरणांत 'अ' नावाचा माणूस 'ब' नावाच्या माणसाला घोडा विकतो आणि मग दोघं भांडतात. मी अ ला भसाडा आवाज दिला, ब ला रडका. ताई हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसली. ग्रंथपाल येऊन दटावून गेले.

मला सख्खी बहीण नाही. असती तर अशीच हवी होती.

६ ऑगस्ट

आज तिनं पोटातलं सांगितलं. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना फुकट सल्ला देणारं एक कार्यालय आहे, तिथे तिची निवड झालीय. मुलाखत झाली, नाव यादीत पहिलं. अट एकच, फेब्रुवारीअखेर पदवी हातात हवी. एकही विषय राहता कामा नये. राहिला तर जागा यादीतल्या दुसऱ्याला जाणार.

"सत्तावीस वर्षं मला कुणी ना कुणी कुठेतरी नेऊन सोडतंय," म्हणाली. "एकदा मला माझ्या पायानं कामावर जायचंय."

मी म्हटलं, ताई, तुला त्या खुर्चीत बसवल्याशिवाय मी नावाची रेडिओ नाही. साठ तास कधी संपले तरी मी येणार. शब्द दिलाय.

१९ ऑगस्ट

डोकं ठणकतंय. तो बारीक टाईप म्हणजे डोळ्यांचा नुसता छळ आहे. एका नियमाखाली चौदा ओळी, त्यात 'परंतु', त्या परंतूच्या आत आणखी एक 'परंतु'. आज फसवणुकीचं प्रकरण होतं. दोन-तीन ठिकाणी मी मोठा टाईप तेवढा वाचला आणि सरळ पुढच्या नियमावर उडी मारली. डोळ्यांखालून घातलं सगळं, मोठ्यानं वाचलं नाही इतकंच. ताईला पत्ताही लागला नाही.

यात काही पाप नाही. मूळ नियम कळला म्हणजे झालं की, शेपटं कोण विचारतंय? आणि मी खोटं काही बोलले नाही. वाचलं नाही, बस.

अर्धा तास आधी सुटलो. कँटीनमध्ये चहा प्यायलो, तिनं मला तिच्या हॉस्टेलच्या वॉर्डनची नक्कल करून दाखवली. दोघींचाही दिवस चांगला गेला.

११ सप्टेंबर

पुस्तक संपलं! ठरल्यापेक्षा सतरा दिवस आधी. सेवा कक्षाच्या मॅडमनी सगळ्या स्वयंसेवकांसमोर मला उभं केलं. म्हणाल्या, यापासून शिका, काम अंगावर घ्यावं तर असं. बाकीचे वाचक अजून तिसऱ्या प्रकरणात रखडलेत बिचारे. घरी सांगितल्यावर बाबांनी फोन करून काकांना कळवलं. आत्यानं विचारलं, केवढं पुस्तक आहे ग? मी हातानं जाडी दाखवली. ती नुसती 'हं' म्हणाली. तिला कौतुक करता येतच नाही.

१५ ऑक्टोबर

मॅडमनी बोलावलं. ताईला परीक्षेसाठी लेखनिक हवाय, म्हणजे ती सांगेल आणि तो तिच्या उत्तरपत्रिकेत लिहील. लेखनिक मिळेनासे झालेत, स्वतःच्या परीक्षेच्या तोंडावर कोण येणार? मी कायदा शिकत नाही, म्हणून नियमात बसते. छापील सूचनांचा कागद दिला. पहिलीच ओळ, 'विद्यार्थी सांगेल तेवढेच व तसेच लिहावे.' मी म्हटलं, आणि एखादा शब्द चुकला तर? मॅडम म्हणाल्या, अग, थोडं समजून घ्यायचं असतं लेखनिकानं. असं त्या म्हणाल्या. मी इथे मुद्दाम लिहून ठेवतेय.

२४ नोव्हेंबर

हात दुखतोय पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

कराराच्या कायद्याचा पेपर. आम्हाला वेगळी खोली, परीक्षा विभागाच्या शेजारची, एक टेबल आणि एक पर्यवेक्षक बाई. ताई फडाफडा सांगत होती, मी लिहीत होते. चौथा प्रश्न मी दोनदा वाचला. 'केवळ मौन बाळगणे म्हणजे फसवणूक होते काय? अपवादांसह चर्चा करा.'

ताईनं मूळ नियम झकास सांगितला. एखादी गोष्ट माहीत असून न सांगणं ही काही फसवणूक होत नाही. मग थांबली. कपाळावर आठ्या. हळूच म्हणाली, अपवाद... याचे अपवाद आपण वाचले नव्हते, नाही का ग? बाई लगेच खेकसल्या, लेखनिकाशी चर्चा नको. मी गप्प. बोलायला बंदीच होती.

"राहू दे," ताई म्हणाली. "येत नाही ते येत नाही. पुढचा प्रश्न घे."

मी अर्धं पान कोरं सोडून पुढचा प्रश्न घेतला. का सोडलं, तेव्हा माझं मलाही कळलं नाही. नंतर ताईला बाथरूमला जायचं होतं. लेखनिकानं जागा सोडायची नाही असा नियम, म्हणून बाईच तिला हात धरून घेऊन गेल्या. मी एकटी. ती उत्तरपत्रिका, ते कोरं अर्धं पान आणि मी. बारीक टायपातलं ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. समोरचा माणूस जिथे सर्वस्वी आपल्यावर विसंबून असतो, तिथे बोलणं हे कर्तव्य असतं, आणि तिथे मौन हीच फसवणूक. आणखी एक अपवाद होता, तोही आठवला. सात-आठ ओळी लिहून काढल्या.

शेवटी ताईनं सगळं वाचून दाखवायला सांगितलं. मी तिचं तेवढं वाचलं. चौथ्याशी आल्यावर तिनं विचारलं, इथे एवढंच ना? मी मान हलवली. तिला दिसत नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही, आणि तेवढ्यात बाई म्हणाल्या, वेळ संपली.

बाहेर आल्यावर ताईनं मला मिठी मारली. म्हणाली, एक प्रश्न अर्धा गेला, पण पास होईन ग. माझं चुकलं असेल तर चुकलं. पण मी तिला वाऱ्यावर सोडलं नाही, हे कुणीतरी बघायला हवं होतं.

१८ जानेवारी

निकाल! ताई सगळ्या विषयांत पास! कराराच्या कायद्यात त्रेसष्ट. पासाला चाळीस लागतात. मी हॉस्टेलच्या जिन्यात तिला धरून नाचवलं, पडता पडता वाचलो. मी तर तिच्या ऑफिसला पहिल्या दिवशी जायला कुठले कपडे घालायचे तेही ठरवलं, माझे.

मग ती म्हणाली, उत्तरपत्रिकेच्या प्रती मागवल्यात. मी म्हटलं, पास झाल्यावर प्रती कोण मागवतं? वेड लागलंय का तुला?

तर म्हणाली, "मी दर परीक्षेच्या मागवते. माझ्या नावावर काय लिहिलं जातं ते मला कधीच दिसत नाही ना. निदान एकदा ऐकते."

रूममेट वाचून दाखवते म्हणे तिला. मी म्हटलं, मी दाखवते ना, रेडिओ कशाला आहे? ती हसली. म्हणाली, तूच लिहिलंस आणि तूच वाचायचंस, असं नाही चालत बाई, वकिलीण आहे मी आता.

जेवण गेलं नाही. आईला वाटलं नजर लागली.

३० जानेवारी

ताई फोन उचलत नाहीये. चार दिवस झाले. ऑफिसचे कागदपत्र करत असेल. दुसरं काय असणार?

३ फेब्रुवारी

परीक्षा विभागाचं पत्र आलं. माझ्या नावावर. 'विद्यार्थिनीने स्वतः केलेल्या लेखी निवेदनावरून' माझी चौकशी.

स्वतः केलेल्या!

मला आधी वाटलं चुकलंय काहीतरी. तीनदा वाचलं. तिनं स्वतः जाऊन सांगितलंय. कुणी पकडलं नव्हतं, कुणाला शंका नव्हती, निकाल लागून गेला होता. आणि ही बया आपल्या पायानं चालत गेली आणि माझं नाव दिलं. मला एक फोन नाही, एक शिवी नाही, 'का ग असं केलंस' नाही. सरळ पत्र.

पाच महिने घसा कोरडा केला मी तिच्यासाठी. साठ तास सप्टेंबरातच संपले होते माझे, वरचे सगळे तास मी जिवाच्या ओढीनं दिले. होम करायला गेले आणि हात भाजून घेतला. नाही, हात नाही, घरच जाळून घेतलं. विश्वास ठेवावा तरी कुणावर? जिला बहीण मानलं तिनंच गळा कापावा?

अक्षर नीट येत नाहीये. रडू येतंय म्हणून नाही. रागानं.

७ फेब्रुवारी

चौकशी झाली. लांब टेबल, तीन जण. मधले परीक्षा नियंत्रक, एका बाजूला कायद्याचे प्राध्यापक, एका बाजूला सेवा कक्षाच्या मॅडम. समोर दोन खुर्च्या. एकीत ताई, एकीत मी. तीच आम्ही दोघी आणि तेच टेबलाच्या एका बाजूला बसणं.

मी मॅडमकडे बघून सांगितलं की थोडं समजून घ्यायचं असतं असं मला सांगण्यात आलं होतं. मॅडम कागद चाळत म्हणाल्या, छापील सूचना तुला दिल्या होत्या ना? संपलं. सप्टेंबरात सगळ्यांसमोर माझं कौतुक करणाऱ्या बाई त्याच का, असा मला प्रश्न पडला. कामापुरता मामा. या जगात कागदावर असेल तेवढंच खरं, तोंडचं सगळं हवेत.

ताई शांतपणे बोलत होती. "चौथ्या प्रश्नातल्या शेवटच्या आठ ओळी माझ्या नाहीत. त्या लेखनिकानं लिहिल्या आहेत."

लेखनिकानं म्हणाली. रेडिओ नाही, हिनं नाही. लेखनिकानं. तोंडात मारल्यासारखं झालं.

नियंत्रक चांगले वाटले. ते ताईला म्हणाले, त्या आठ ओळींचे पाच मार्क आहेत. ते वजा केले तरी तुम्ही पास होता. तुम्ही बोलला नसता तर कुणाला काही कळलं नसतं. पण आता निवेदन आलंय, लेखनिकानं भर घातल्याचं सिद्ध झालंय, नियम सरळ आहे, पूर्ण पेपर रद्द. पुन्हा मे महिन्यात द्यावा लागेल. निवेदन मागे घ्यायचंय का? अजून वेळ आहे.

ताईनं विचारलं, "मागे घेतलं तर त्या ओळी माझ्या होतील का?"

नियंत्रक प्राध्यापकांकडे बघायला लागले. ती म्हणाली, मग राहू दे.

माझे तास रद्द. पुन्हा लेखनिक होता येणार नाही, आणि पुढच्या वर्षी साठ तास नव्यानं. मला विचारलं, काही सांगायचंय? मी म्हटलं, मी तिच्या भल्यासाठी केलं, आणि मी कुणाशी खोटं बोललेली नाही. कायद्याचे प्राध्यापक माझ्याकडे बघत राहिले, चष्म्यावरून.

८ फेब्रुवारी

पाच मार्क! पाच मार्कांसाठी तिनं स्वतःची नोकरी घालवली आणि मला गावभर बदनाम केलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर दुसऱ्याला म्हणायचं, तू पाडलास. बाबा म्हणतात, जगात चांगुलपणाला किंमत नाही. आई म्हणते, तिनं तुला विचारायला हवं होतं. दोघंही माझ्या बाजूनं आहेत.

आत्यानं मात्र पेन्सिल खाली ठेवून विचारलं, त्या आठ ओळी तुला कुठून माहीत? मी म्हटलं, पुस्तकात होत्या. मग तिला कशा माहीत नव्हत्या, म्हणाली. मी उठून आत गेले. तिला घरातलं माणूस आणि छापखान्याचा कागद यातला फरक कळत नाही.

१६ फेब्रुवारी

आज मी हॉस्टेलवर गेले. ठरवलं होतं की एकदा तोंडावर विचारायचं, माझं काय चुकलं होतं म्हणून तू माझ्याशी असं वागलीस. वाटेत सगळं पाठ केलं होतं.

तळमजल्यावरची तिची खोली, दाराला लागून पलंग, वर कपड्यांच्या घड्या रंगाप्रमाणे नाही तर कापडाप्रमाणे लावलेल्या. तिनं पावलांवरून ओळखलं. बस म्हणाली. मी बसले नाही. विचारलं ते विचारलंच. आवाज चढला माझा. म्हटलं, ताई, तू मला आधी विचारायचंस तरी. मी तुझ्यासाठी केलं.

तिनं हातातल्या ओढणीची घडी पुरी केली. मग म्हणाली, त्या कार्यालयातून फोन आला होता, दुसऱ्या नंबरच्या मुलाला जागा दिली. तिनं ते असं सांगितलं, जसं काही आज बस उशिरा आली.

"पेपरचं सोड," म्हणाली. "तू त्या ओळी पाठ लिहिल्यास. म्हणजे पुस्तकात होत्या. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये नाहीत. मी ते प्रकरण सहा वेळा ऐकलंय."

मी म्हटलं, बारीक टायपात होत्या.

"बारीक टायपासाठीच तर तू होतीस."

बाहेर कुणाच्या तरी बादलीत नळ धो धो वाहत होता. मी म्हटलं, डोकं दुखायचं ग. म्हटलं, मी गप्प बसले फक्त, खोटं नाही बोलले. तिनं उशाखालून ते पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. सहाशे वीस पानं.

"आणखी कुठे कुठे गाळलंस तेवढं सांग. खुणा करून दे. मे महिन्याला तीनच महिने आहेत, मी फक्त तेवढंच पुन्हा ऐकेन."

मी पुस्तक उघडलं. फसवणुकीचं प्रकरण सापडलं. त्याच्या पुढचं उघडलं. मागचं उघडलं. बारीक टाईप, बारीक टाईप, प्रत्येक पानावर. यातलं काय वाचलं होतं आणि काय नाही? जिथे कंटाळा आला तिथे गाळलं होतं, आणि कंटाळा कधी आला ते कोण लिहून ठेवतं? कधी दोन ओळी, कधी अख्खं पान. पाऊण तास पानं उलटत बसले. ती समोर हात मांडीवर घेऊन बसून होती, घाई न करता.

शेवटी म्हटलं, आठवत नाही.

"अंदाजानं?"

अंदाजानंही नाही.

"मग सगळंच पुन्हा वाचायला हवं," म्हणाली आणि पुस्तकासाठी हात पुढे केला. मी म्हटलं, मी वाचते, या वेळी एक अक्षर सोडणार नाही, आईशपथ. तिनं मान हलवली, नाही म्हणून. हलकेच. मला दिसावं म्हणून हलवली असेल.

अजूनही मला वाटतं तिनं आधी मला विचारायला हवं होतं. पण घरी आल्यावर ते कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

२३ फेब्रुवारी

आत्या हॉस्टेलवर जाऊन आली. मला न विचारता! वॉर्डनकडे चौकशी करून, बसनं, एकटी. आल्यावर म्हणाली, ती मुलगी दर रविवारी सकाळी आपल्याकडे येईल. अख्खं पुस्तक नव्यानं वाचण्यापेक्षा रेकॉर्डिंग लावायचं, समोर पुस्तक धरायचं, आणि जिथे सुटलं असेल तिथे तेवढंच वाचून भरायचं. असंच तर काम केलं म्हणे तिनं जन्मभर, मूळ प्रत आणि मुद्रित ताडून बघायचं.

माझी सख्खी आत्या. आता घरातलीही फितूर झाली म्हणजे माझं म्हणायला उरलं कोण? मी म्हटलं, मग मी रविवारी बाहेर जाईन. जा, म्हणाली.

२ मार्च

गेले नाही. कुठे जाणार होते? स्वयंपाकघरात ओट्यापाशी भांडी पुसत बसले. आमच्या घरात दारांपेक्षा पडदेच जास्त, बाहेरच्या खोलीतलं सगळं ऐकू येतं.

ताई दहाला आली. आईनं चहा नेऊन दिला. माझी चौकशी तिनं केली नाही, कुणी सांगितलंही नाही. मग फोन सुरू झाला आणि घरभर माझा आवाज. आधी मला ओळखूच येईना. इतका आनंदी आवाज माझा आहे? भसाडा अ, रडका ब. ताईचं हसणं. माझं हसणं. मध्येच आत्या म्हणायची, थांबव. पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज. आत्या सुटलेल्या ओळी वाचायची, सावकाश, एकेक स्वल्पविराम उच्चारून, आणि मग पुन्हा माझा आवाज सुरू. जिथे ओळी गाळल्या होत्या तिथे मी कुठेच अडखळले नव्हते. श्वासही घेतला नव्हता. एका नियमावरून दुसऱ्यावर अशी गेले होते की मलाच ऐकताना जोड सापडेना.

सव्वाअकराला ताई म्हणाली, आज मधलं सोडून फसवणुकीचं प्रकरण लावू. मी नियम वाचला, केवळ मौन म्हणजे फसवणूक नव्हे. आणि थांबले. फोनमधली ताई विचारत होती, "इथे संपलं? अपवाद वगैरे काही नाहीत का ग खाली?"

हे मला आठवतच नव्हतं. आत्ता, या क्षणीही आठवत नाही. पण त्यानंतरचा आवाज माझाच होता, काही शंकाच नाही.

"छे ग ताई! खाली काहीच नाही. चक्क पूर्णविराम आहे. चल, चहा पिऊ."

आणि हसले होते.

बाहेर आत्यानं 'थांबव' म्हटलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये खुर्च्या सरकल्या, चपला वाजल्या, ताई म्हणत होती, तू आहेस म्हणून बरं, रेडिओ. मग ते संपलं. मी पुसलेली ताटली पुन्हा पुसत उभी होते.

थोड्या वेळानं आत्या म्हणाली, अकरा ओळी आहेत. वाचू? ताई म्हणाली, वाचा.